सोलापुरात पाच हजारांच्या आत भाड्याची खोली : कुठे बघावी, काय तपासावं, करार कसा करावा?

अक्कलकोट_नाका (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. चौघांचं कुटुंब आहे, दोन मुलं लहान. कमावणारं माणूस एकच, काम अक्कलकोट रोड एमआयडीसीत. भाडं पाच हजारांच्या वर झेपणार नाही, डिपॉझिट वीस हजारांपर्यंत जमेल. खोली-किचन चालेल, संडास-बाथरूम शक्यतो स्वतंत्र हवं. थोरल्याला पुढच्या वर्षी आरटीईतून (शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागेवर) शाळेत घालायचं आहे, म्हणून पत्त्याचा पुरावाही पक्का लागेल. भाग सुचवा, आणि खोली बघायला गेल्यावर नेमकं काय बघायचं तेही सांगा.

साखरपेठ_पूर्व

काम एमआयडीसीत असेल तर शोध तिथूनच सुरू करा. नीलम नगर, सुनील नगर, आशा नगर, विनायक नगर, विडी घरकुल हा सगळा पट्टा चालत किंवा सायकलने गाठता येतो. मालकाने खाली राहून वर दोन-तीन खोल्या काढलेल्या असतात, त्याच भाड्याने जातात. दत्त नगर, अशोक चौक, कन्ना चौक, साखर पेठ, भवानी पेठ थोडं आत पडतं, पण बाजार आणि दवाखाने हाताशी येतात.

जुळे सोलापूर, सैफुल, विजापूर रोड, होटगी रोड या बाजूला पाच हजारांत स्वतंत्र वन बीएचकेची आशा धरू नका. मिळालीच तर एखादी मागची खोली मिळेल, आणि तिथून एमआयडीसी लांब पडते. बाळे, केगावकडे विद्यापीठामुळे कॉट बेसिसवर, म्हणजे खाटेमागे भाडं घेऊन, मुलं ठेवण्याकडे मालकांचा कल असतो. कुटुंबाला त्या भागाचा फारसा उपयोग नाही.

या पट्ट्यातल्या खोल्या मोबाइलवरच्या जाहिरातींत फारशा येत नाहीत. किराणा दुकान, गिरणी, दूध डेअरी आणि विडी कारखान्याची ब्रँच, या चार ठिकाणी विचारा. विड्या द्यायला रोज येणाऱ्या बायकांना गल्लीतली कुठली खोली रिकामी होणार ते आधी कळतं. दारावर 'भाड्याने देणे आहे' अशी पाटी लागेपर्यंत निम्म्या खोल्या बोलून गेलेल्या असतात. पूर्व भागात बरेच मालक घरात तेलुगू बोलतात. मराठी सगळ्यांनाच येतं, पण सोबत तेलुगू बोलणारं कुणी असेल तर घासाघीस सोपी जाते.

एक गोष्ट विसरू नका. खाली किंवा शेजारी यंत्रमाग आहे का ते बघा, आणि माग चालू असतानाच खोलीत थोडा वेळ बसून बघा. बंद कारखान्यावरची खोली सुट्टीच्या दिवशी छान शांत वाटते. मग रात्रपाळी सुरू झाली की लहान मुलं झोपत नाहीत आणि हादऱ्याने भांडी मांडणीवरून सरकतात.

रोटेशन_पाणी

भाड्याआधी पाणी विचारा. सोलापुरात खोली स्वस्त आहे की महाग, हे पाण्यावर ठरतं.

कित्येक भागांत नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. उजनी धरणाच्या लाइनला गळती लागली किंवा टाकळीच्या पाणी उपसा पंपाची वीज गेली की रोटेशन, म्हणजे पाण्याची पाळी, आणखी एक दिवस पुढे. म्हणून हिशोब सहा दिवसांचा करायचा. काटकसरीने माणशी ६० लिटर धरलं तरी चौघांना दिवसाला २४० लिटर, सहा दिवसांचं १,४४० लिटर. २०० लिटरचं बॅरल एक-दोन ठेवून हे भागत नाही. हौदात किंवा वरच्या टाकीत तुमच्या वाट्याला हजार लिटर तरी हवेत, उरलेलं बॅरलमध्ये.

मालकाला विचारायचं ते असं : पाण्याचा दिवस कुठला, वेळ कुठली, किती तास येतं, मोटर कुणाची, तिचं बिल कुणाच्या मीटरवर, आणि हौद किती बिऱ्हाडांत वाटला जातो. 'पाणी भरपूर आहे' या उत्तरावर थांबू नका. गल्लीतल्या दुसऱ्या घरी तेच विचारा. पाणी सोडणारा चावीवाला भेटला तर उत्तमच, तुमच्या टोकाला दाब पोचतो की नाही हे तो एका वाक्यात सांगतो. गल्लीचं शेवटचं घर आणि चढावरचं घर दोन्ही उशिरा भरतात, आणि शेजाऱ्यांनी मोटरी लावल्या की तिथलं पाणी तुटतं.

बोअर असेल तर त्याचं पाणी पिण्यात धरू नका. भांड्यांवर पांढरा थर बसतो, डाळ शिजत नाही. आणि बोअरला मे महिन्यात किती पाणी असतं ते विचारा, ऑक्टोबरातलं सांगून खोली दिली जाते.

साठवण वाढली की डेंग्यूचा डास आलाच. बॅरलला घट्ट झाकण किंवा कापड बांधायचं, आणि पाण्याच्या दिवशी भरण्याआधी आतली कड घासून घ्यायची. अंडी पाण्यात तरंगत नाहीत, कडेला चिकटून असतात. नुसतं पाणी ओतून दिलं तर ती तशीच राहतात.

मीटर_तपासा

पाण्यानंतर वीज. बहुतेक खोल्यांना महावितरणचं वेगळं मीटर नसतं, मालकाच्या मीटरवरून सब-मीटर काढलेलं असतं. यात भाडेकरूचं नुकसान कसं होतं ते समजून घ्या.

घरगुती दराचे टप्पे असतात : १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, पुढे आणखी. दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या दुपटीच्या आसपास जातो. समजा तीन बिऱ्हाडं प्रत्येकी ९० युनिट वापरतात. वेगळी मीटरं असती तर तिघंही पहिल्या टप्प्यात बसले असते. एकाच मीटरवर ते २७० होतात, म्हणजे १७० युनिट महाग दराने लागतात. त्यावर मालकाने 'युनिटला सरसकट इतके' म्हणून गोल आकडा लावला की आणखी भर. त्यामुळे स्वतंत्र मीटरची खोली दोन-तीनशे रुपयांनी महाग असली तरी तीच घ्या. सब-मीटरच असेल तर मालकाचं मूळ बिल दर महिन्याला दाखवायचं आणि एकूण रक्कम युनिटच्या प्रमाणात वाटायची, एवढं लिहून घ्या.

सब-मीटर तपासणं सोपं आहे. खोलीतलं सगळं बंद करा, फ्रिजचा प्लगसुद्धा काढा. मीटरवरचा लाल दिवा लुकलुकत राहिला तर दुसऱ्या कुणाची तरी लाइन तुमच्या मीटरवर आहे. बऱ्याचदा जिन्याचा दिवा किंवा हौदाची मोटर निघते. मग १,५०० वॅटचा पाणी तापवायचा रॉड बादलीत टाकून बरोबर २० मिनिटं चालवा. आकडा अर्धा युनिट पुढे सरकायला हवा. पाऊण सरकला तर मीटर पळतंय. हे सगळं डिपॉझिट देण्याआधी, मालकाच्या समोर करायचं. सरळ माणूस याला हरकत घेत नाही.

तुळजापूर_वेस

शहरात जुन्या वाड्यातली खोली कमी भाड्यात मिळते. ती घ्यावी का? उन्हाळ्यात पत्र्यापेक्षा बरी पडेल असं वाटतं.

माळवद_दुरुस्ती

गारव्यासाठी वाड्याच्या माळवदाला, म्हणजे लाकडी तुळयांवरच्या मातीच्या छताला, तोड नाही हे खरं. सोलापूरचा पारा एप्रिल-मेमध्ये ४२-४३ च्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीत दुपारी लहान मूल ठेवणं धोक्याचं आहे. पण माळवद उन्हाळ्यात जितकं सुखाचं, तितकंच जोराच्या पावसात भीतीचं. वर मातीचा थर असतो, तो पाणी पितो, वजन वाढतं आणि ते सगळं तुळयांवर येतं.

खोली बघताना छताच्या मध्यभागाकडे बघून काही कळत नाही. तुळई भिंतीत जिथे शिरते ते टोक बघा. ओल तिथे मुरते आणि वाळवीही तिथूनच लागते. किल्ली किंवा स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने हलकेच दाबा. लाकूड भुसभुशीत लागलं, किंवा तुळईखाली भिंतीवरून मातीची बारीक नळी उतरताना दिसली, तर ती खोली सोडा. तुळईखाली नंतर लावलेला लोखंडी खांब किंवा लाकडी टेकू दिसला तर तो कधी लावला ते विचारा. वरून प्लास्टिक अंथरून मुरूम टाकलेला असेल तर आणखी जपून, गळती थांबते पण ओझं वाढतं. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक इमारतींना कलम २६४ खाली नोटिसा देते. वाड्याला तशी नोटीस लागलेली आहे का हे विभागीय कार्यालयात विचारता येतं.

दुसरी अडचण कागदाची. वाड्यातल्या खोलीत जुना भाडेकरू असतो आणि तोच तुम्हाला पुढे भाड्याने देतो. मूळ मालकाची लेखी संमती नसेल तर ही पोटभाडेकरू ठेवल्याची केस होते. मग जुन्या भाडेकरूवर दावा होतो आणि त्याच्याबरोबर तुम्हीही बाहेर. मिळकत कराची पावती मागा. त्यावरचं नाव आणि तुमच्याकडून भाडं घेणाऱ्याचं नाव जुळलं पाहिजे.

आरसीसी घरात वरच्या मजल्यावरची खोली असेल तर दुपारी दोन-तीन वाजता जाऊन पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा. गच्चीला चुना मारायला मालक परवानगी देत असेल तर उन्हाळ्यात बराच फरक पडतो, आणि खर्च फार नाही.

दुय्यम_निबंधक_पायरी

आता करार. इथे बहुतेक जण फसतात, कारण सोलापुरात अजूनही शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून 'झालं ॲग्रीमेंट' म्हणतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो ११ महिन्यांचा असो की ३६. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, खोटं सिद्ध होईपर्यंत. मालक 'कशाला खर्च' म्हणाला की त्याला ही शेवटची ओळ शांतपणे सांगा.

खर्च खरंच थोडा आहे. लिव्ह अँड लायसन्सला (ठरावीक मुदतीच्या भाडेकराराला) मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. हिशोब असा : ४,५०० भाडं गुणिले ११ म्हणजे ४९,५००. परत मिळणाऱ्या १५,००० डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात, ११ महिन्यांचे १,३७५. बेरीज ५०,८७५, त्याचे पाव टक्का १२७ रुपये. पुढच्या शंभराला नेलं की २००. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००, ग्रामीण भागात ५००. वर ऑनलाइन नोंदणीसाठी घरी अंगठ्याचं मशीन घेऊन येणाऱ्याची मजुरी. ती आधी ठरवा आणि कोण किती देणार तेही.

ऑनलाइन नोंदणीला मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार लागतात. सगळ्यांचे आधार आणि अंगठे. आपल्याकडे नेहमी अडतं ते अंगठ्यावरच. मागावर सूत हाताळणाऱ्यांच्या आणि विड्या वळणाऱ्या बायकांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन ठसा घेत नाही. हात धुऊन कोरडे करून दुसरी बोटं लावून बघा. तरीही जमलं नाही तर त्याच दिवशी मशीनवाल्याला पूर्ण पैसे देऊ नका. आधार केंद्रावर बायोमेट्रिक नव्याने करून घ्या किंवा दोघांनी दुय्यम निबंधक कार्यालयात समक्ष जाऊन नोंदणी करा.

मुदत संपण्याआधी नूतनीकरण करा. लिव्ह अँड लायसन्सची मुदत उलटूनही राहिलात तर कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणं हे मालकाचं काम आहे. त्याची प्रत तुम्हीही ठेवा.

अक्कलकोट_नाका

मनापासून आभार. दोन शंका. एक, डिपॉझिट दोन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही असा मेसेज फिरतोय, तो खरा का? दोन, आरटीईला नोटरीचा करार चालतो का?

दुय्यम_निबंधक_पायरी

तो मेसेज केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यावरचा आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. आपल्याकडे १९९९ चा कायदाच चालतो. म्हणून मालकापुढे तो मेसेज दाखवून भांडू नका, बोलून कमी करा.

आरटीईला नोटरी चालत नाही. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला, किमान ११ महिन्यांचा करार लागतो आणि त्याची तारीख अर्ज भरण्याच्या आधीची हवी. अर्ज सुरू झाल्यावर धावपळ करून केलेला करार बाद होतो. शिवाय अर्जात घराचं ठिकाण नकाशावर दाखवायचं असतं आणि शाळेपासून १ किलोमीटरच्या आतल्यांना आधी, मग १ ते ३ किलोमीटरवाल्यांना संधी मिळते. म्हणून आधी शाळा ठरवा, मग तिच्या एक किलोमीटरच्या आत खोली शोधा. नकाशावर खूण चुकीच्या जागी लावली तर पडताळणीत प्रवेश रद्द होतो.

साखरपेठ_पूर्व

डिपॉझिटचा वाद परत घेताना होतो. 'रंगाचे पैसे' म्हणून एक महिन्याचं भाडं कापायची रीत आहे. ते मान्य असेल तर रक्कम आत्ताच लिहा, नसेल तर 'रंगासाठी कपात नाही' असं लिहा. राहायला जायच्या दिवशी भिंती, फरशी, नळ, कडी-कोयंडे यांचे फोटो काढून मालकाच्या मोबाइलवर पाठवून ठेवा. डिपॉझिट बँकेतून किंवा यूपीआयने द्या. रोख दिलंच तर पावती घ्या, आणि पाच हजारांच्या वरच्या पावतीवर एक रुपयाचं महसूल तिकीट लावून सही घ्या. भाड्याची पावती मागणं हा तुमचा हक्क आहे, कलम २६.

घासाघीस कधी करावी तेही सांगतो. जूनमध्ये शाळा-कॉलेजमुळे भाव चढतात. आषाढात आणि पितृपक्षात बरेच लोक नव्या घरात दूध ऊतू घालत नाहीत, त्यामुळे खोल्या रिकाम्या पडून राहतात. तेव्हा मालक भाड्यात किंवा डिपॉझिटमध्ये उतरतो.

होटगी_रोडकर

रे नगरचं कुणी बोललं नाही. कुंभारीला तीस हजार घरांची वसाहत आहे, जानेवारी २०२४ मध्ये पंधरा हजार घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. तिथे स्वस्तात भाड्याने मिळत असेल ना?

विडी_घरकुल_ब

कृपया तिथे जपून पाऊल टाका. ती घरं असंघटित कामगारांना पंतप्रधान आवास योजनेतून स्वतः राहण्यासाठी मिळाली आहेत, कामगारांनी वर्षानुवर्षं लढून मिळवली आहेत. वाटपपत्रातल्या अटी न बघता कुणी 'भाड्याने घ्या' म्हणालं तर नोंदणीकृत करार देतो का एवढंच विचारा. तोंडी व्यवहारावर राहिलात तर पत्त्याचा पुरावा नाही, आरटीई नाही, आणि तपासणी आली की सामान रस्त्यावर. त्याच कुंभारीतली गोदूताई परुळेकर वसाहत २००६ ची, विडी कामगार महिलांची दहा हजार घरं. तिथेही मालकीण कोण, कागद कुणाच्या नावावर, हे बघूनच बोला.

शिवाय अंतर धरा. कुंभारीहून शहरात यायचं तर शेअर रिक्षाला माणशी दिवसाला चाळीस रुपये जरी धरले, तरी २६ दिवसांचे १,०४० होतात. भाड्यात हजार वाचवून रिक्षात घालवण्यात अर्थ नाही. एमआयडीसीच्या कामाला ते त्यातल्या त्यात जवळ आहे, पण संध्याकाळनंतर रिक्षा किती मिळतात ते स्वतः थांबून बघा.

तुमच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नसेल आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला तीन लाखांच्या आत असेल तर आवास योजना २.० साठी महापालिकेत चौकशी जरूर करा. त्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचाही घटक आहे. म्हाडाच्या पुणे मंडळाच्या सोडतीत सोलापूर जिल्हा येतो, तीही घरं विकत घ्यायची असतात. हे सगळं पुढचं. तोवर खोली लागतेच.

कन्ना_चौक

'हेवी डिपॉझिट'च्या जाहिरातींपासून लांब राहा. दोन-तीन लाख एकरकमी द्या, भाडं शून्य, असा तो व्यवहार. घरावर बँकेचं कर्ज थकलेलं असेल तर बँक ताबा घेते आणि तुमचे पैसे मालकाच्या मागे लागून वसूल करायची वेळ येते. सिटी सर्व्हे उताऱ्यावर कर्जाचा बोजा आहे का बघितल्याशिवाय असा व्यवहार करूच नये.

ऑनलाइन एक जुनाच प्रकार चालू आहे. छान घराचे फोटो, भाडं निम्मं, मालक 'लष्करात आहे, बदली झाली आहे' म्हणतो, घर दाखवायला कुणी नाही, आधी टोकन पाठवा. किंवा 'मी तुम्हाला पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा.' पैसे घेण्यासाठी कधीच क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, पिन तर नाहीच. पैसे गेले तर पहिल्या तासात १९३० ला फोन करा, रक्कम गोठवली जाण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते.

एजंट घ्यायचाच झाला तर त्याचे पैसे करार नोंदला गेल्यावर द्या. नुसती खोली दाखवण्याचे पैसे देऊ नका.

अक्कलकोट_नाका

नीलम नगर भागात दोन खोल्या नजरेत आहेत. एक ३,८०० ला, पत्र्याची, सब-मीटर, पाणी समाईक हौदातून. दुसरी ४,६०० ला, आरसीसी पहिला मजला, वेगळं मीटर, वरच्या टाकीत स्वतंत्र कप्पा. शाळा दोन्हीकडून एक किलोमीटरच्या आत. कुठली घ्यावी?

रोटेशन_पाणी

४,६०० वाली. फरक ८०० चा दिसतो. पहिलीत युनिटमागे जादा दर जाईल, समाईक हौद अर्ध्या आठवड्यात आटला की जार आणि टँकरची वर्गणी येईल, आणि उन्हाळ्यात कूलर अखंड चालवावा लागेल. आठशे त्यातच जातात. मात्र दुसरीत त्या स्वतंत्र कप्प्याचे लिटर मोजून घ्या. लांबी, रुंदी, उंची फुटात गुणून २८.३ ने गुणलं की लिटर येतात. हजाराच्या खाली असेल तर दोन बॅरल ठेवायला गॅलरीत जागा आहे का, ते मालकाला आजच विचारा.

मीटर_तपासा

आणि वेगळं मीटर म्हणतायत तर त्याचं शेवटचं बिल मागा. आधीच्या भाडेकरूची थकबाकी त्यावर असेल तर ती मालकाने भरल्याशिवाय चावी घेऊ नका. त्या दिवशीच्या मीटरच्या आकड्याचा फोटो काढा आणि तो आकडा करारात घाला.